दाराबाहेरचं बाकडं

"बाई, शवासनात घोरलं तर चालतं का?"

शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने योगाच्या बाईंना विचारलंच. सतरंज्यांवर आडवी पडलेली मंडळी फिस्सकन हसली. निवृत्त पोस्टमनकाकांनी तर हातच वर केला. "मी रोज घोरतो. आपण आधीच परवानगी काढलीय!"

हा वर्ग कॅन्सरमधून उठलेल्यांचा. त्यात सगळ्यांत लहान ती, नववीतली. केस आता कुठे कानांपर्यंत आले होते; जीभ मात्र कधीच आखूड नव्हती. वर्गाच्या दाराला काच होती. काचेपलीकडे बाकडं आणि बाकड्यावर आई-बाबा. आईच्या मांडीवर स्वेटर, पाण्याची बाटली, आणखी एक स्वेटर. बाबांच्या हातात पेपर, पण त्याचं पान उलटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवारपासून शाळेच्या बास्केटबॉल संघाचा सराव होता. नेमका याच वेळी. डॉक्टर म्हणाले होते, "खुशाल खेळ." आई म्हणाली होती, "रिपोर्ट येऊ दे." रिपोर्ट छान आला. मग बाबा म्हणाले, "पुढचा येऊ दे." संघात आता एकच जागा उरली होती आणि तिचा जीव त्या जागेत अडकला होता.

"चला, उठून बसा," बाई म्हणाल्या. "मन श्वासावर. सावकाश आत घ्या... आता धरा..."

आणि बाईंना शिंक आली. मग दुसरी, तिसरी, थांबेचना. रुमाल शोधत त्या कोपऱ्यातल्या पिशवीकडे पळाल्या.

वर्ग चिडीचूप. कुणी हलेना. पोस्टमनकाका लालबुंद झाले. शिवणकामवाल्या मावशींचे डोळे बाहेर यायचेच बाकी राहिले. तिच्या कानांत तर ढोल वाजायला लागले. बाई नाक पुसत वळल्या आणि ओरडल्याच, "अहो, सोडा!"

फुस्स! एकदम सगळे मोकळे झाले.

"मी सांगेपर्यंत थांबायचं कशाला?"

"सवय हो!" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "त्या मशीनमध्ये आडवं घातलं की सांगतात ना, श्वास धरा, हलू नका! त्यांनी 'सोडा' म्हणायच्या आत सोडला की फोटो बिघडला. परत आत!"

हसून हसून सगळे लोळायला लागले. पोट धरून तीही दाराकडे वळली. एवढी गंमत आई-बाबांनी पाहिली की नाही?

बाकड्यावर दोघं ताठ बसली होती. दारातून आवाज जात नव्हता. लेक श्वास रोखून बसलेली दिसली तसा त्यांनीही धरला होता. बाबांचे गाल अजून फुगलेलेच. आईच्या मुठीत स्वेटर आवळलेला. त्यांना कधी कुणी मशीनमध्ये घातलं नव्हतं, त्यामुळे 'सोडा' असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिचं हसू ओसरलं. सतरंजी तशीच पसरलेली ठेवून ती बाहेर आली.

आई ताडकन उठली. "काय झालं गं? गरगरतंय?"

"मस्त वाटतंय. ऐका, मी ठरवलंय. सोमवारपासून मी सरावाला जाणार आणि इथे माझ्या जागेवर तुम्ही दोघांनी बसायचं."

"आम्ही कशाला?" बाबा गोंधळले. "आजारी तू होतीस ना?"

"आजारी आपण तिघंही होतो, बाबा. बरी एकटी मीच झालेय."