पहिलं पाणी

“एकथरी आहे ना रे रंग?” बॉनेटवरून तळहात फिरवत म्हाताऱ्याने विचारलं.

“एकथरीच, बाबा. वीस वर्षांची गाडी आहे,” मुलगा म्हणाला. खोटं बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. तालीम चांगली झाली होती.

गाडी वकिलाची होती आणि वकील मुलाचा मित्र होता. गेल्याच महिन्यात दोघांनी ती दूरच्या एका गॅरेजमधून नव्याने रंगवून आणली होती. रंग पूर्वीसारखाच लाल, पण आता एकथरी नाही; त्यावर क्लिअरचा पारदर्शक थर, तोही मुद्दाम एकच हात, कांद्याच्या पापुद्र्याइतका. मग महिनाभर तिच्यावर धूळ बसू दिली. एवढी मेहनत मुलाने आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गाडीवर घेतली नव्हती.

कारणही तसंच होतं. गाड्या घासून चमकवायचं दुकान बापाच्या नावावर. जागेला गिऱ्हाईक तयार, कागद तयार, घोडं अडलं होतं ते सहीपाशी. “हात चालतायत तोवर दुकान चालेल,” म्हातारा म्हणायचा. फारच मागे लागल्यावर एकदा जेवता जेवता सगळ्यांसमोर बोलून गेला, “माझ्या हातून एक गाडी बिघडू दे, त्याच दिवशी सही करतो.” अडतीस वर्षांत त्याच्या हातून एकही गाडी बिघडली नव्हती. म्हातारा शब्दाचा पक्का होता. मुलगा त्याच्या वळणावर गेला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

म्हाताऱ्याने बादलीत साबणाचं पाणी केलं, दोन हजार नंबरचा वॉटर पेपर भिजवून रबराच्या ठोकळ्यावर चढवला आणि घासायला लागला. या धंद्यात खरी भाषा पाण्याची. जुना एकथरी रंग घासला की पाणी रंगाचं होतं. ते चांगलं लक्षण. वर क्लिअर असेल तर पाणी पांढरं येतं, आणि अशा गाडीवर पाण्यात रंग दिसला की समजायचं, थर गेला, हात उचला.

पहिलं पाणी ओघळलं. दुधासारखं पांढरं. पण म्हातारा घासतच राहिला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं मुलगा दोन वर्षं ‘बघू, बघू’ म्हणत ढकलत होता. त्या ढकलण्याचं आज चीज झालं असं त्याला वाटलं.

“मला हल्ली धूसर दिसतं,” म्हातारा मान वर न करता म्हणाला. “तूच बघ. पाणी कसलं येतंय?”

“लाल, बाबा.”

“मग बरोबर.”

अर्ध्या तासाने ते खरंच लाल झालं. आता थांबलं असतं तरी निभावलं असतं. क्लिअरचा एक हात मारला की गाडी पुन्हा उभी राहिली असती. हे मुलाला माहीत होतं, कारण हे त्याला बापानेच शिकवलं होतं. गार पाण्यात म्हाताऱ्याची बोटं सुजून पांढरी पडली होती. मुलाला क्षणभर कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

“अजून घासू?” म्हाताऱ्याने विचारलं.

“घासा की. तुमच्या हाताला मी काय शिकवणार?”

म्हाताऱ्याने दोन बादल्या पाणी संपवलं. मग बॉनेट पुसून पॉलिशचं मशीन उचललं. बटणावर अंगठा ठेवून तो थांबला.

“मशीन लावू? बघ हं. एकदा लावलं की मागे येता येत नाही.”

मुलाने घड्याळ पाहिलं. वकील यायची वेळ झाली होती. “लावा, बाबा.”

मशीन गरगरलं. पांढरं पॅड लालेलाल झालं आणि बॉनेटच्या उंचवट्यावर रंगाखालचा राखाडी प्रायमर तळहाताएवढा उघडा पडला. तेवढ्यात वकील आला, सहज आल्यासारखा, काखेत फाइल घेऊन.

“काका, काय केलंत हे,” तो म्हणाला. मुलाने कपाळाला हात लावला. नाटकातली दोघांचीही कामं ठीक झाली.

म्हाताऱ्याने मशीन बंद केलं. हात साबणाने धुतले, कोरडे केले. “आण कागद,” तो म्हणाला. पेन त्याने मुलाच्या खिशातून स्वतःच काढलं. सही कुठे करायची ते दाखवायला वकील बोट पुढे करत होता, तोवर म्हाताऱ्याने पहिली सही करून पान उलटलंही होतं. चारही सह्या बारीक ठिपक्यांच्या रेघेवर, सरळ.

मुलगा त्या सह्यांकडे बघत राहिला. “बाबा, तुम्हाला दिसतं?”

“इतपत दिसतं. पहिलं पाणी पांढरं होतं, तेही दिसलं.”

“मग घासत कशाला राहिलात?”

म्हाताऱ्याने पेनाला टोपण लावलं आणि ते पुन्हा मुलाच्या खिशात नीट अडकवलं.

“तू थांबवतोस का, ते बघत होतो.”