माहेरची मात्रा

खराडीत काचेच्या इमारतींऐवजी ज्वारी उभी असायची, तेव्हा मी पुण्याहून तिथल्या दवाखान्यात फिजिओथेरपी द्यायला जायचे. अर्धांगवायूने गावच्या पाटलांचा, आप्पासाहेबांचा, उजवा हात लुळा पडला, तोरा मात्र शाबूत राहिला. चेंडू दाबायला दिला, तर म्हणाले, "पाटलानं पोरखेळ करायचा व्हय?" भरवायला, नेसवायला बायको होतीच, तिला आजारी वडिलांकडेही त्यांनी धाडलं नव्हतं. मी फर्मावलं, "हात हवा असेल तर वहिनींना महिनाभर माहेरी पाठवा." महिन्याने मी त्यांच्या घरी गेले, तर महाशय ओट्यावर त्याच हाताने तंबाखू मळत होते. तेवढ्यात बायको पिशवी घेऊन परतली. तिला पाहताच हात मांडीवर निपचित पडला. "आलीस? जरा पाणी पाज," ते कण्हले. सांडलेल्या तंबाखूकडे पाहून ती पायरीवरूनच मागे वळली. "ताई, तुमचं औषध लागू पडलंया," ती मला म्हणाली, "आणखी वरीसभर चालू ठिवते."