निरोगी गटातली नळी

“रक्ताची नळी बर्फाबाहेर राहिली असणार तुमच्याकडून. दुसरं काय!” संशोधक बाईंनी तंत्रज्ञाला सुनावलं.

तंत्रज्ञाने ऐकून घेतलं. आकडे मात्र ऐकेनात. संधिवातात पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण किती चढतो आणि त्याला थोपवणारी अँटिऑक्सिडंट्स किती उरतात, हे बाई मोजत होत्या. रुग्णांच्या रक्तात ताण चढा, बचाव रिकामा. निरोगी गटात बरोबर उलट. सगळं छान जुळलं होतं. निरोगी गटातली एकच नळी फितूर निघाली. तिचा बचाव औषधं चालू असलेल्या रुग्णांपेक्षाही रिकामा.

ती नळी बाईंच्या सासूबाईंची होती. घरातलंच माणूस, शोधायला जायला नको. रुग्णांचं बोटन् बोट दाबून पाहणाऱ्या बाईंनी सासूबाईंना जेवता जेवता विचारलं होतं, तेही मोबाइलमध्ये बघत, “सांधेबिंधे दुखत नाहीत ना?”

“छे गं,” उत्तर आलं. काम झालं.

आता पुन्हा सुई टोचायची, म्हणून बाई ओशाळल्या. त्यात हल्लीची कुरबूर होतीच. सासूबाई बरण्यांची झाकणं सैल ठेवत, कपडे न पिळताच वाळत घालत. सकाळचा चहाही त्यांनी सुनेच्या गळ्यात घातला होता. “लाडावल्यात,” असं बाई नवऱ्याला म्हणूनही बसल्या होत्या. तेही मनाला खात होतं. म्हणून त्यांनी सासूबाईंना मऊ चपला आणल्या. एवढ्यावर मन निम्मं हलकं झालं. माणसाचं मन तसं फार घासाघीस करत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई प्रयोगशाळेत आल्या. तंत्रज्ञावर भरवसा नको, म्हणून सुई बाईंनी स्वतःच हातात घेतली.

“परत त्रास देतेय, आई.”

“माझं रक्त नापास झालं म्हणे?”

“तुमचं नाही हो. आमच्या माणसाने घोळ घातला.”

“त्याला नको बोलूस बाई. गरीब आहे.”

बाईंनी दंडाला पट्टा आवळला. शीर सापडेना.

“मूठ मिटा, आई.”

बोटं निम्म्यावर येऊन थांबली. पेरं सुजून चकाकत होती. तो हात बाई पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होत्या. तरी सवयीने तोंडून निघून गेलं, “अजून घट्ट.”

“एवढीच मिटते गं आता,” सासूबाई म्हणाल्या.