मघाच्या ताई

वाचनालयाची चॅट भर दुपारी तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी वैतागून संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. "वाचक प्रश्न विचारतात आणि मी मध्येच गायब! काय म्हणत असतील लोक?"

त्याने शेजारी खुर्ची ओढली, नोंदी चाळल्या आणि डोकं खाजवलं. "ताई, इंटरनेट ठणठणीत आहे. पण एका नावाने एकालाच आत राहता येतं. तुमच्या नावाने दुसरं कुणी आलं, की तुम्ही बाहेर."

"येतंय कुठून ते?"

"याच संगणकावरून," तो हसला. "आता बोला!"

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तुटलेल्या चॅट उघडल्या. प्रत्येक वाचकाला पुढे नीट उत्तर मिळालं होतं, शेवटी बाईंचं नेहमीचं 'पानं दुमडू नका हं'सुद्धा.

सगळ्यात खाली एका वाचकाने विचारलं होतं, "मघाच्या ताई गेल्या का?"

"अजून नाही," असं उत्तर होतं. "आज जातील."

तेवढ्यात चॅट पुन्हा तुटली.

बाई वळल्या. दुरुस्तीवाला त्यांच्याच खुर्चीकडे टक लावून बघत होता. मग तो उठला आणि त्याने कपाटांच्या दिशेने हाक मारली, "ताई, कुठे गेलात?"

बाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच कपाटांमागून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं, "आले, आले!"