बंद केलं की नाही?

रुग्णालय सरकारला परवडेना म्हणून बंद झालं आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर घरी बसला. निवडणूक लागली, तशी त्याला विरोधी उमेदवाराच्या प्रचाराची गाडी मिळाली. भोंग्यातला आवाजही त्याचाच, रेकॉर्ड केलेला: "आपलं रुग्णालय बंद केलं की नाही?"

गाडी दारावरून गेली की त्याचे बाबा खिडकीतून ओरडायचे, "केलं रे राजा, केलं! आता जेवायला ये!" अख्खी गल्ली हसायची.

आज जेवता जेवता बाबांनी छाती धरली. त्याने त्यांना प्रचाराच्याच गाडीत आडवं केलं. किल्ली फिरवताच भोंगाही सुरू झाला. "बाजूला व्हा!" तो काच खाली करून ओरडत होता, आणि चौकातले कार्यकर्ते हार घेऊन गाडीला आडवे येत होते.

चालू असलेला दवाखाना उजवीकडे होता. पण इतक्या वर्षांच्या सवयीचे हात, त्यांनी स्टिअरिंग डावीकडेच फिरवलं. रुग्णालयाच्या जुन्या फाटकाशी त्याने नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला, आणि मग त्याला कुलूप दिसलं.

"बंद केलं की नाही?" टपावरून त्याचाच आवाज विचारत होता.


मागून उत्तर आलं नाही.