वेग

कालिना रूसे या गावी वडिलांकडे फक्त जेवायला आली होती. दुपारच्या बसने तिला सोफियाला परतायचं होतं. ताटं आवरताना तिचे वडील स्पास म्हणाले, "अगं, माझ्या कॉम्प्युटरचा वेग जरा वाढवून दे ना. प्रोसेसर म्हणे मूळच्यापेक्षा जोरात पळवता येतो."

"येतो बाबा, पण घाई केली तर जळायचा. थोडा थोडा वाढवायचा, मग तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबवून किती तापतोय ते बघत बसायचं. दिवस जातो त्यात."

"मग नीटच कर. जळायला नको."

कालिनाने घड्याळाकडे पाहिलं आणि 'उद्या येते' असं ऑफिसला कळवलं. कॉम्प्युटरमधल्या पंख्यावरची धूळ झटकून तिने वेग किंचित वाढवला, चाचणी लावली. मशीन घोंघावत राहिलं. तोवर दोघांनी बाल्कनीत लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या. सोंगट्यांचे डाव झाले. स्पासनी लबाडी केली आणि ते पकडले गेले. आईचा विषय निघाला, आणि या वेळी कुणीच उठून गेलं नाही.

सकाळी ते तिला बसपर्यंत सोडायला आले.

"एकदाही अडखळला नाही हो तुमचा प्रोसेसर! पण बाबा, एवढा वेग तुम्हाला कशाला हवाय?"

"मला कुठे हवाय?" तिच्या हातात पिशवी देत स्पास म्हणाले. "पुढच्या वेळी आलीस की कमी करून दे. असाच, सावकाश."