टोकापासून पान

"उसव," सासूबाई म्हणाल्या. "पाटासारखं सपाट झालंय. माझ्या पानांशेजारी ठेवलंस तर सावत्र दिसेल."

सुनेने पान तळहातावर घेतलं. मोहरीएवढ्या हिरव्या काचमण्यांचं, बोटाच्या पेराएवढं. मणी बरोबर, रंग बरोबर, टाकेही घट्ट. तरी सासूबाईंची एकवीस पानं पांढऱ्या कापडावर किंचित मान उचलून बसली होती, जणू आत्ताच वारा येऊन गेलाय. हे मात्र आडवं पडलं होतं.

हार चोवीस पानांचा. एकवीस झाली आणि सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. उरलेली तीन सुनेच्या वाट्याला आली. हे काम देणारी दागिनेवाली संध्याकाळी पानं न्यायला येणार होती. पानांबरोबर तिला सुनेचं उत्तरही हवं होतं. तिचा कारखाना दुसऱ्या गावी हलणार होता. "मुलींना शिकवायला ये. राहायला खोली देते," असं ती म्हणाली, त्याला आठ दिवस झाले. सुनेने ते अजून सासूबाईंना सांगितलं नव्हतं. सासूबाई "जा की" म्हणाल्या तर जिव्हारी लागेल. "जाऊ नको" म्हणाल्या तर पाय निघणार नाही.

"जा की" असंच म्हणतील, असं तिला वाटे. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दोघी एका खिडकीच्या उजेडात समोरासमोर बसून शिवत आल्या होत्या. सून कागदावरचा नमुना बघून, सासूबाई ओठ हलवत. आवाज नाही, नुसते ओठ. सुनेने एकदा धीर करून विचारलं होतं, काय म्हणता? "तुझ्या कामाचं नाही," एवढंच उत्तर मिळालं. त्या दिवशी तिने ओळखलं, की जे काही चाललंय ते आपल्याच नावाने चाललंय. मुलगा गेला, ही मात्र उरली. दुसरं काय पुटपुटणार?

"सुरू कुठून केलंस?"

"मधून. सर्वांत रुंद ओळ आधी, मग दोन्हीकडे कमी करत."

"तेच ते. थेट मधेच घुसायचं. आधी काही झालंच नव्हतं जणू!" सासूबाई हसल्या. "टोकापासून धर. एक मणी."

"मग दोन, मग तीन?"

"आकडे नकोत. आकडे मोजता मोजता डुलकी लागते आणि ओळ चुकते. मी माणसं मोजते."

"माणसं?"

"या घरातली. मनातल्या मनात म्हणायचं असतं ते. पण हातच गेलाय, तर आता तोंडाने सांगते. हसलीस तर बघ."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि संथ, एका चालीत सांगायला लागल्या. जणू कुणाला निजवत होत्या.

"पहिला मणी तुझे सासरे. एकटे होते, घराला पडदे नव्हते. मी आले, दोन. भावजी आले, तीन. चार महिन्यांसाठी म्हणून आले आणि पंचवीस वर्षं राहिले. मग तुझा नवरा झाला, चार."

सुई थबकली. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"दोरा ओढून घे, सैल सोडू नको. मोठी लेक झाली, पाच. धाकटी झाली, रडकी मेली, सहा. आता सातवी तू. इथे पान सर्वांत भरतं."

सुनेने सात मणी मोजले. मग पुन्हा मोजले, काही गरज नसताना. बोटांखाली पान हळूच वळायला लागलं होतं.

"आता कमी कर. भावजींनी वेगळं बिऱ्हाड केलं, सहा. मोठी सासरी गेली, पाच. धाकटी गेली, चार. तुझे सासरे गेले, तीन." आवाज जरासा खाली आला. "मग आपला हा गेला."

सुनेने दोन मणी शेजारी शेजारी बसवले. आता टोकाचा एकच मणी राहिला होता.

"आई, स्वतःला वजा करू नका हं. मी नाही ओवणार."

"मी कशाला जाते? अजून डाव्या हाताने धपाटा घालीन तुला. तू जातेस."

सुनेच्या हातातला मणी निसटला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

मग सुनेने सगळं सांगून टाकलं. दागिनेवाली, दुसरं गाव, खोली, आठ दिवस. एका दमात, खाली बघत. सासूबाईंनी प्लास्टरचा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"खोलीला खिडकी आहे का, विचार. उजेडाशिवाय डोळे फोडून घेशील."

"पण तुम्हाला माहीत नव्हतं तर मला वजा का केलंत?"

"आजच केलंय का? चार वर्षं दर पानाच्या टोकाला तुला धाडतेय. तरणीताठी बाई तू, कधीतरी जाणारच, जायलाच हवंस. एकदम गेलीस तर मला झेपायचं नाही, म्हणून आपली सवय करत होते." सासूबाईंनी सांडलेला मणी डाव्या बोटाने टिपून सुनेपुढे धरला. "पण मेली सवय होणार कशी? धाडून मान वर करावी, तर तू समोरच बसलेली."